‘याला जमणार नाही’ हे शाळेत कसं ठरतं?

1963 साली अमेरिकेतल्या एका विज्ञानविषयक नियतकालिकात रॉबर्ट रोझेंथाल या तरुण मानसशास्त्रज्ञाचा लेख छापून आला. त्यात उंदरांवरच्या एका प्रयोगाची हकिकत होती. प्रयोग करणाऱ्या काही विद्यार्थ्यांना सांगितलं होतं की तुमच्या वाट्याला आलेले उंदीर चलाख जातीचे आहेत. काहींना सांगितलं होतं की तुमचे मंद आहेत. खरं तर सगळे उंदीर सारखेच होते. तरी ‘चलाख’ उंदीर भुलभुलैयातून लवकर वाट काढू लागले, कारण त्यांना हाताळण्याची विद्यार्थ्यांची पद्धतच बदलली होती. शाळेतल्या मुलांच्या बाबतीतही असंच होत असेल का, ही शंका रोझेंथाल यांनी लेखात मांडून ठेवली होती.

कॅलिफोर्नियातल्या साउथ सॅन फ्रान्सिस्को या शहरातल्या एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका लेनोर जेकबसन यांच्या वाचनात तो लेख आला. त्यांनी रोझेंथाल यांना पत्र लिहिलं आणि मुलांवर असा अभ्यास करायचा असेल तर मदत करायची तयारी कळवली. पुढे त्यांच्याच शाळेत, पहिली ते सहावीच्या अठरा वर्गांत तो अभ्यास झाला. मुलांची एक साधी बुद्धिमापन चाचणी घेतली गेली. शिक्षकांना मात्र सांगण्यात आलं की ही हार्वर्डची खास चाचणी आहे आणि कोणती मुलं येत्या वर्षात झपाट्याने पुढे जातील ते तिच्यावरून कळतं. मग अशा मुलांची यादी त्यांच्या हाती दिली गेली. जवळपास वीस टक्के मुलांची नावं त्यात होती आणि ती चक्क चिठ्ठ्या टाकून काढावीत तशी, कशीही निवडलेली होती. वर्षअखेरीला पुन्हा चाचणी झाली. पहिलीच्या वर्गात यादीतल्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी 27 गुणांनी वाढला होता आणि इतरांचा 12 गुणांनी. दुसरीत ही वाढ साधारण 16 आणि 7 अशी होती. त्यापुढच्या वर्गांत फरक जवळजवळ दिसला नाही. 1968 मध्ये या अभ्यासाचं पुस्तक निघालं आणि शिक्षकाच्या अपेक्षेचा मुलावर होणारा परिणाम हा जगभर चर्चेचा विषय झाला.

त्या चर्चेत रोझेंथाल यांचं नाव गाजलं, जेकबसन बाईंचं मागे राहिलं. वास्तविक आपल्या शाळेतले शिक्षक मुलांकडे कसे पाहतात हा प्रश्न स्वतःहून शाळेच्या दारात आणणारी व्यक्ती त्या शाळेची मुख्याध्यापिका होती. पुढच्या पन्नास वर्षांतलं संशोधन ज्या मुद्द्यापाशी पुन्हा पुन्हा येऊन पोचतं तो मुद्दा हाच आहे. शिक्षकाची अपेक्षा ही त्याच्या स्वभावातून जेवढी येते, तेवढीच, कदाचित जास्तच, ती शाळेतून येते. शिक्षकांच्या खोलीत काय बोललं जातं, मुख्याध्यापक काय विचारतात, कोणत्या गोष्टीची वही तपासली जाते आणि कोणत्या गोष्टीकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, यातून ती घडत जाते.

अर्थात त्या पहिल्या प्रयोगावर टीका खूप झाली आणि ती रास्त होती. इतक्या लहान मुलांसाठी वापरलेली चाचणी भरवशाची नव्हती, आकड्यांचा हिशेबही वादग्रस्त होता. 1984 साली स्टीफन राउडेनबुश यांनी अशा प्रकारचे अठरा प्रयोग एकत्र तपासले, तेव्हा एक फार अर्थपूर्ण गोष्ट पुढे आली. खोटी यादी हातात पडण्यापूर्वी शिक्षक मुलांना दोन आठवड्यांहून अधिक ओळखत असतील, तर यादीचा परिणाम जवळपास शून्य होता. मूल ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे त्यांना कागद फसवू शकत नव्हता. 2005 मध्ये ली जसिम आणि केंट हार्बर यांनी साडेतीन दशकांच्या अभ्यासांचा आढावा घेतला आणि सांगितलं की अपेक्षेचा परिणाम खरा असला तरी बहुतेक वेळा माफक असतो; शिक्षकांचे अंदाज पुष्कळदा बरोबरच असतात. पण ज्या समाजगटांना आधीच कमी लेखलं जातं, त्यांच्या मुलांवर हा परिणाम जास्त जोराने होतो, असंही त्यांनी नोंदवलं.

मग प्रश्न उरतो तो त्या पहिल्या दोन आठवड्यांचा. नवं मूल वर्गात येतं, तेव्हा त्याच्याविषयीचं मत कोठून तयार होतं?

समाजशास्त्रज्ञ रे रिस्ट यांनी याचं उत्तर शोधण्यासाठी सेंट लुईस शहरातल्या एका शाळेत बालवाडीच्या वर्गात बसून निरीक्षण केलं आणि तीच मुलं दुसरीत जाईपर्यंत त्यांचा माग ठेवला. शाळेतली मुलं कृष्णवर्णीय, शिक्षकही कृष्णवर्णीय. वर्ग सुरू झाल्यावर आठव्या दिवशी बाईंनी मुलांना तीन टेबलांवर कायमच्या जागा दिल्या. कोणतीही चाचणी झालेली नव्हती. पहिल्या टेबलावर स्वच्छ, इस्त्रीच्या कपड्यांतली, प्रमाण इंग्रजी बोलणारी, जरा बऱ्या परिस्थितीतल्या घरांतली मुलं आली. तिसऱ्या टेबलावर सरकारी मदतीवर जगणाऱ्या कुटुंबांतली. फळ्यापासून आणि बाईंपासून सर्वांत जवळ पहिलं टेबल होतं, आणि शिकवणंही बरंचसं त्याच टेबलाकडे तोंड करून चाले. दुसरीत पोचेपर्यंत वाचनगटांना नावं पडली होती: वाघ, कार्डिनल पक्षी आणि विदूषक. बालवाडीत शेवटच्या टेबलावर बसलेल्या मुलांपैकी कोणी वाघांच्या गटात पोचलं नाही.

1970 साली प्रसिद्ध झालेला हा लेख वाचताना राग त्या बाईंवर निघतो. पण रिस्ट यांनी बाईंपाशी माहिती कोठून आली होती हेही नोंदवलं आहे, आणि ते अधिक अस्वस्थ करणारं आहे. प्रवेशाचे अर्ज होते. कोणत्या घरांना सरकारी मदत मिळते याची समाजसेविकेकडून आलेली यादी होती. आयांशी झालेली पहिली भेट होती. शिवाय मुलांच्या थोरल्या भावंडांना शिकवलेल्या शिक्षकांचे अनुभव होते. म्हणजे मूल शाळेत पाऊल टाकायच्या आधीच शाळेने त्याच्याविषयी बरंच काही बोलून ठेवलं होतं. बाईंनी आठव्या दिवशी फक्त त्या बोलण्याला टेबलाचा आकार दिला.

असं बोलणं मराठी शाळांनाही नवं नाही. जूनमध्ये नव्या वर्गाची यादी हाती आली की मधल्या सुट्टीत चहा घेताना मागच्या वर्षीचे वर्गशिक्षक एकेका नावावर बोट ठेवत सांगतात. हा हुशार. हिच्याकडे लक्ष दिलं तर होईल काहीतरी. याच्या भावाला मीच शिकवलंय, याच्या डोक्यात काही शिरायचं नाही. घरी वातावरणच नाही हो, आईबाप ऊसतोडीला. सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. नव्या सहकाऱ्याचा त्रास वाचावा हीच भावना असते. पण ऐकणाऱ्याचे पहिले दोन आठवडे तिथेच संपलेले असतात.

यानंतर वर्गात जे होतं ते इतकं बारीक असतं की शिक्षकाच्या स्वतःच्याही ध्यानात येत नाही. समजा तिसरीच्या वर्गात फळ्यावर 43 वजा 17 लिहिलेलं आहे. हुशार समजल्या जाणाऱ्या मुलीला उभं केलं आणि ती अडखळली, तर बाई थांबतात, सुचवतात: तीनातून सात जात नाहीत, मग काय करायचं? ‘ढ’ समजल्या जाणाऱ्या मुलाने तसाच वेळ घेतला की प्रश्न शेजारच्याकडे जातो. हे मुद्दाम केलेलं नसतं, उलट वर्गासमोर त्याची फजिती होऊ नये म्हणूनही केलेलं असतं. मेरी बड रो या संशोधिकेने 1970 च्या दशकात वर्गांतल्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदच थांबतात आणि वर्गातल्या वरच्या मुलांसाठी खालच्या मुलांपेक्षा जास्त थांबतात, असं त्यांना आढळलं. जेरे ब्रॉफी आणि थॉमस गुड यांनीही पहिलीच्या वर्गांत बसून हेच टिपलं होतं: ज्यांच्याकडून अपेक्षा कमी, त्यांचं बरोबर उत्तरसुद्धा कौतुकावाचून निसटून जाण्याची शक्यता अधिक. दिवसाला दहा-वीस वेळा हे घडतं आणि वर्षाला दोनशे दिवस शाळा भरते. मुलाला निकाल कोणी वाचून दाखवावा लागत नाही.

आता या वर्गाच्या बाहेर, मुख्याध्यापकांच्या खोलीकडे वळू. मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दाट वस्तीतल्या बारा माध्यमिक शाळांचा काही वर्षं अभ्यास केला. 1979 मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकाचं नावच मुळी मूल शाळेत घालवतं त्या पंधरा हजार तासांवरून ठेवलेलं आहे. साधारण सारख्याच घरांतून आलेली मुलं काही शाळांत कितीतरी पुढे जात होती. इमारत किती जुनी आणि शाळा केवढी मोठी याचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता. बऱ्या चालणाऱ्या शाळांत शिक्षक अभ्यासक्रमाचं नियोजन एकत्र बसून करत. गृहपाठ दिला जातो की नाही यावर वरिष्ठांचं लक्ष असे. मुलांचं काम भिंतींवर लावलेलं असे आणि जबाबदारीची कामं पुष्कळ मुलांकडे असत. खालावलेल्या शाळांत प्रत्येक शिक्षक आपापल्या वर्गापुरता, एकटा. आणि एकट्या पडलेल्या शिक्षकाला आपल्या मुलांकडून किती अपेक्षा ठेवावी हे ताडून पाहायला जागाच नसते. शेजारच्या वर्गात तशाच घरातली मुलगी धडाधडा वाचते हे त्याला दिसलं तर त्याचं मत हलेल. पण ते दिसण्याची सोय करणं एकट्या शिक्षकाच्या हातात नसतं.

ती सोय एका मुख्याध्यापिकेने कशी केली याचं फार सविस्तर चित्र शिकागोच्या एका शाळेच्या अभ्यासातून मिळतं. जेम्स स्पिलेन आणि जॉन डायमंड या अभ्यासकांनी तिला ‘अॅडम्स’ हे टोपणनाव दिलं आहे. शाळेतली जवळजवळ सगळी मुलं कृष्णवर्णीय आणि गरीब घरांतली. अशा शाळांत शिक्षक मुलांच्या उणिवांवर बोट ठेवतात आणि निकालाची जबाबदारी स्वतःवर कमी घेतात, असं याच अभ्यासकांना शिकागोत इतरत्र दिसलं होतं. अॅडम्समध्ये दोन साध्या गोष्टी सुरू झाल्या. पहिली म्हणजे सकाळी शाळा भरण्यापूर्वी शिक्षकांची न्याहारीची बैठक. एखादी शिक्षिका शिकवण्याविषयीचा एखादा लेख वाचून येई, इतरांना सांगे आणि चर्चा होई. येण्याची सक्ती नव्हती आणि मुख्याध्यापिका बहुतेक ऐकण्याचं काम करत. दुसरी गोष्ट दर पाच आठवड्यांनी होणाऱ्या, शाळेनेच तयार केलेल्या चाचणीची. जिल्ह्याच्या परीक्षेचा निकाल वर्ष संपताना हाती येई, तोवर दुरुस्तीची वेळ निघून गेलेली असे. पाच आठवड्यांच्या चाचणीने कोणत्या वर्गाला नेमकं काय येत नाही ते वेळेत कळू लागलं, आणि त्यावर शिक्षक मिळून उपाय ठरवू लागले.

या दोन्हींत ‘मुलांवर विश्वास ठेवा’ असं भाषण कुठेही नाही. बैठकीचा विषय बदलला, एवढंच. ‘मुलं कशी आहेत’ याऐवजी ‘अपूर्णांकात मुलं कुठे अडतात’ यावर बोलणं सुरू झालं. जो शिक्षक दर पाच आठवड्यांनी मूल थोडं पुढे सरकलेलं पाहतो, त्याला ‘याला जमणार नाही’ हे वाक्य उच्चारणं अवघड होत जातं. न्यूझीलंडच्या विवियन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये शालेय नेतृत्वावरच्या अनेक अभ्यासांची तुलना केली. मुख्याध्यापकांच्या नाना कामांपैकी मुलांच्या शिकण्यावर सर्वांत मोठा परिणाम ज्याचा दिसला, ते काम म्हणजे शिक्षकांच्या शिकण्यात स्वतः सहभागी होणं. नुसतं प्रशिक्षणाला पाठवणं नव्हे, शेजारी बसणं. शिकागोतल्याच अँथनी ब्राइक आणि बार्बरा श्नायडर यांनी विश्वासाचा असाच पडताळा घेतला होता. जिथे शिक्षक, मुख्याध्यापक आणि पालक यांचा एकमेकांवर भरवसा मजबूत होता, तिथे शाळा सुधारण्याची शक्यता दोनांत एक होती. जिथे तो कमजोर, तिथे सातांत एक. याचं कारण उघड आहे. स्वतःचं अपयश सांगितलं की गोपनीय अहवालात शेरा येईल अशी धास्ती असलेला शिक्षक खापर मुलावर किंवा त्याच्या घरावर फोडतो.

भारतात या प्रश्नाला जातीची धार आहे. रेमा हॅना आणि ली लिंडन यांनी एका भारतीय शहरात मुलांची परीक्षा घेतली आणि उत्तरपत्रिकांच्या मुखपृष्ठावर वय, लिंग, जात ही माहिती कशीही बदलून लावली. त्याच दर्जाच्या पेपरला, त्यावर खालची मानली जाणारी जात लिहिलेली असेल तर, शिक्षकांनी किंचित कमी गुण दिले. त्याहून चटका लावणारा प्रयोग कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांचा. उत्तर प्रदेशातल्या गावांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची कोडी सोडवायला दिली. जात कोणी उच्चारली नाही तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांच्या कामगिरीत फरक नव्हता. प्रत्येकाचं नाव आणि जात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचल्यावर दलित मुलांची कामगिरी घसरली. तीच मुलं, तशीच कोडी, बदललं होतं ते फक्त खोलीतलं वातावरण. शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना भर वर्गात जात विचारण्याची पद्धत कितीतरी शाळांत आहे. ही माहिती पालकांकडून स्वतंत्रपणे, कार्यालयात घ्यायची, एवढा निर्णय कोणत्याही मुख्याध्यापकाला आज घेता येईल.

व्यवस्था बदलली की तोच शिक्षक कसा वेगळा वागतो, याचा सर्वांत ठोस भारतीय पुरावा मात्र ‘प्रथम’ या संस्थेच्या कामातून मिळाला. ही संस्था 1995 मध्ये मुंबईच्या वस्त्यांत सुरू झाली. मुलाची इयत्ता न पाहता त्याला आज काय येतं ते पाहायचं, त्यानुसार गट करायचे आणि तिथून शिकवायचं ही तिची पद्धत. बिहारमध्ये 2008 च्या उन्हाळी सुट्टीत सरकारी शिक्षकांनीच महिनाभर अशी शिबिरं घेतली आणि मुलं वाचनात स्पष्टपणे पुढे गेली. मग त्याच पद्धतीचं प्रशिक्षण आणि साहित्य शिक्षकांना देऊन वर्षभर शाळेत वापरायला सांगितलं, तर परिणाम जवळपास शून्य. पद्धत येत होती, मुलं शिकतात हेही अनेकांनी पाहिलं होतं. पण शाळा सुरू झाली की शिक्षकाचं काम म्हणजे पाठ्यपुस्तक पूर्ण करणं. शिक्षण हक्क कायद्याच्या चोविसाव्या कलमातही ठरल्या वेळेत अभ्यासक्रम पूर्ण करणं हे शिक्षकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. पुस्तक पुढे जातं तसतशी मागची मुलं शिक्षकाच्या हिशेबातून गळतात.

हरियाणात 2012-13 मध्ये हा धडा लक्षात ठेवून रचना बदलली. तिसरी ते पाचवीसाठी रोजचा एक तास वेगळा काढला. त्या तासाला पुस्तक नाही, इयत्ता नाही, फक्त वाचनाच्या पातळीनुसार गट. आणि शाळांवर देखरेख करणाऱ्या गटपातळीवरच्या अधिकाऱ्यांनी आधी पंधरा-वीस दिवस स्वतः मुलांना त्या पद्धतीने शिकवलं, मग शिक्षकांना शिकवलं, मग भेटी दिल्या. या वेळी मुलांचं हिंदी वाचन सुधारलं. शिक्षक सरकारीच होते. पण वरिष्ठ शाळेत येऊन ‘धडा कितवा चालू आहे’ विचारण्याऐवजी ‘अजून अक्षरावर असलेली मुलं कोणती’ असं विचारू लागले होते, आणि प्रश्न विचारणाऱ्याने ते काम हाताने केलेलं होतं.

महाराष्ट्राला याच्या जवळ जाणारा अनुभव आहे. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे एका देखरेखीखालच्या शाळांच्या समूहात, विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या शिक्षकांसोबत ज्ञानरचनावादी, म्हणजे मुलाने स्वतः करून शिकण्याच्या पद्धतीवर काम केलं. राज्यभरातले शिक्षक तिथले वर्ग पाहायला गेले. एरवी ‘आमच्याकडची मुलं वेगळी’ म्हणणाऱ्या माणसाने तशीच मुलं जमिनीवर बसून गटागटाने गणित करताना पाहणं, हे दहा परिपत्रकांहून परिणामकारक होतं. जून 2015 मध्ये राज्य सरकारने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा प्रत्येक मूल शिकू शकतं हे गृहीत त्याच्या पायाशी होतं. त्यातला धोकाही सांगायला हवा. ‘अप्रगत’ किती आणि ‘प्रगत’ किती असा आकडाच वरून मागितला गेला, की आकडा तयार होतो आणि मूल आहे तिथेच राहतं. मागणी आकड्याची आहे की मुलाच्या वहीची, हे शिक्षकांना लगेच कळतं.

शाळेच्या व्यवस्थेतून अपेक्षा घडते हे माध्यमिक शाळांत तुकड्यांच्या रूपाने दिसतं. गुणांवरून ‘अ’ ते ‘ड’ तुकड्या पाडायच्या आणि अनुभवी शिक्षक ‘अ’ला द्यायचे, हा निर्णय वेळापत्रक करणाऱ्याचा असतो. बेल्जियममध्ये मिके व्हान हाउटे यांनी दाखवलं की खालच्या प्रवाहातल्या शाळांत ‘या मुलांना शिकवता येणं कठीण’ अशी भावना सगळ्या शिक्षकवर्गाची सामाईक होऊन बसते आणि मुलांच्या निकालावर उमटते. तिथे नवा, उत्साही शिक्षक आला तरी वर्षभरात तोही तसंच बोलू लागला तर नवल नाही.

आता खरी अडचण. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांनुसार प्राथमिक शाळेचा पट 150 च्या वर असेल तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. महाराष्ट्रातल्या वाडीवस्तीवरच्या हजारो द्विशिक्षकी शाळांत तो नाही. तिथे जो शिक्षक प्रभारी आहे तोच दोन-तीन इयत्ता एकत्र घेऊन बसतो, पोषण आहाराचा हिशेब लिहितो आणि ऑनलाइन माहिती भरतो. अशा शाळांसाठी शालेय नेतृत्व म्हणजे व्यवहारात केंद्रप्रमुख. राज्यात 4,860 केंद्रं आहेत, एकेका केंद्राखाली साधारण दहा-बारा शाळा येतात आणि दर महिन्याला शिक्षण परिषद भरते. विखुरलेल्या शाळांतल्या शिक्षकांना एकमेकांच्या मुलांचं काम पाहता येईल अशी ही एकमेव हक्काची जागा आहे. पण केंद्रप्रमुखांची अनेक पदं वर्षानुवर्षे रिकामी राहतात, एकेकाकडे दोन-तीन केंद्रांचा भार असतो आणि परिषदेचा बराच वेळ सूचना वाचण्यात नि तक्ते गोळा करण्यात जातो. ही पदं भरणं, त्या पदावरच्या माणसाला महिन्यातून काही दिवस वर्गात प्रत्यक्ष शिकवायला मोकळं ठेवणं, आणि परिषदेचे पहिले दोन तास फक्त मुलांच्या वह्यांसाठी राखणं, यासाठी नवा कायदा लागत नाही. हरियाणात अधिकाऱ्यांना पंधरा-वीस दिवस वर्गावर पाठवता आलं, तर ते साताऱ्यात, नंदुरबारात आणि गडचिरोलीतही करता येईल.